दोन राज्यांच्या तारखा आणि एक सामाईक दिनदर्शिका : लहान कार्यालयातील सर्व्हरची उभारणी

बेळगाव ते निपाणी हा सुमारे ७५ किलोमीटरचा पट्टा आणि त्याला लागून असलेले चंदगड, गडहिंग्लज व कागल हे तालुके यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत गुंतलेला आहे. चंदगडचा शेतकरी बाजारासाठी बेळगावला येतो, निपाणीचा विद्यार्थी शिक्षणासाठी कोल्हापूरकडे जातो, आणि लग्नसंबंध तर सीमेच्या दोन्ही अंगांना सारखेच जुळतात. निपाणीला लागूनच असलेल्या अर्जुननगर येथील देवचंद महाविद्यालयाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हे महाविद्यालय कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात असून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. परंतु त्याच्या सभोवतीचे नागरी जीवन निपाणीचे, म्हणजे कर्नाटकातील आहे. अशा ठिकाणी साधी सभेची तारीख ठरवावयाची झाली तरी दोन राज्यांच्या सुट्ट्या पाहाव्या लागतात.

ही अडचण वाटते तितकी क्षुल्लक नाही. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. अत्यावश्यक सेवा, शाळा, महाविद्यालये इत्यादी वगळता तेथील कार्यालये सर्व शनिवारी बंद असतात. कर्नाटकात दुसऱ्या शनिवारच्या जोडीला चौथ्या शनिवारची सुट्टी २०१९ साली देण्यात आली. पहिल्या व तिसऱ्या शनिवारी तेथे कामकाज चालते. बँका २०१५ पासून दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बंद असतात. परिणामी, पहिल्या शनिवारी निपाणीचे कार्यालय उघडे असते, बँकही उघडी असते. म्हणून कागलचे कार्यालयही उघडे असेल अशा समजुतीने निघालेला माणूस मात्र बंद दारावरून परततो. रोजंदारीवर जगणाऱ्याची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि एस. टी. चे भाडे अंगावर पडते ते वेगळेच.

शाळांच्या बाबतीत हा फरक अधिकच जाणवतो. कर्नाटकातील शाळा साधारणतः जूनच्या आरंभी सुरू होतात, तर पश्चिम महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यावर. कर्नाटकात मधली मोठी सुट्टी दसऱ्याची, तर महाराष्ट्रात दिवाळीची. बेळगाव, खानापूर व निपाणी या भागांतील मराठी माध्यमाच्या शाळा कर्नाटकाच्या वेळापत्रकाने चालतात. मात्र तेथील मुलांचे मामा, मावशी आणि आतेभावंडे दुसऱ्या वेळापत्रकाने. शिवजयंतीचेही तसेच. महाराष्ट्र शासनाची सुट्टी १९ फेब्रुवारीस असते, तर बेळगावात वैशाख शुद्ध द्वितीयेस शिवजयंती साजरी करण्याची परंपरा आहे. १ नोव्हेंबर रोजी कर्नाटकातील कार्यालये राज्योत्सवानिमित्त बंद असतात. त्याच दिवशी महाराष्ट्रातील कार्यालये, शनिवार-रविवार किंवा सण आला नसेल तर, चालू असतात.

या साऱ्या तारखा आज बहुधा कार्यालयातील एका ज्येष्ठ लिपिकाच्या डोक्यात किंवा भिंतीवरील कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलेल्या असतात. १९७३ साली जयंतराव साळगावकर यांनी सुरू केलेल्या ‘कालनिर्णय’ने मराठी घराला चौकटीत नोंद करण्याची सवय लावली आणि ती सवय उत्तमच आहे. परंतु भिंतीवरील नोंद भिंतीपाशी उभा राहणाऱ्यालाच दिसते. लिपिक रजेवर गेला, मुख्याध्यापक तालुक्याच्या गावी बैठकीस गेले, की त्या नोंदीचा उपयोग संपतो. सर्वांना सर्व ठिकाणी दिसणारी एकच दिनदर्शिका असावी, ही गरज येथूनच उत्पन्न होते.

सर्व्हर म्हणजे काय?

सर्व्हर हा शब्द ऐकताच थंड खोलीतील मोठमोठी कपाटे डोळ्यांसमोर येतात. येथे अभिप्रेत असलेला सर्व्हर म्हणजे कार्यालयातील एक साधा संगणक. तो दिवसरात्र चालू राहतो, सामाईक नोंदी स्वतःजवळ ठेवतो आणि ज्याला अधिकार आहे त्याच्या फोनला किंवा संगणकाला मागितल्यावर त्या देतो. टेबलाजवळच्या सामाईक कपाटाची कल्पना केली म्हणजे पुरे. पाच-दहा माणसांच्या दिनदर्शिकेसाठी जुना, बाजूला काढलेला संगणक चालतो. तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय हा छोटा संगणकही चालतो.

निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांच्या नोंदी वाचू शकतात, यामागे एक आंतरराष्ट्रीय संकेत आहे. दिनदर्शिकेतील नोंद कशी लिहावी याचा ‘आयकॅलेंडर’ नावाचा संकेत १९९८ साली प्रसिद्ध झाला व २००९ साली सुधारण्यात आला. अशा नोंदी सर्व्हरवर ठेवाव्या कशा व तेथून घ्याव्या कशा, याचा ‘कॅलडॅव्ह’ हा संकेत २००७ चा आहे. हे दोन्ही संकेत सर्वांस खुले आहेत. आज घेतलेली वस्तू उद्या बदलली तरी नोंदी वाया जात नाहीत, हा त्यांचा लाभ लहान संस्थेच्या दृष्टीने मोठा आहे.

हे संकेत पाळणाऱ्या विनामूल्य प्रणालींपैकी ‘रॅडिकेल’ ही लहान कार्यालयास सोयीची होय. ती डेबियन या मुक्त प्रणालीवर सहज बसते. तिचा विशेष असा की, ती प्रत्येक नोंद एका स्वतंत्र, साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवते. दुर्दैवाने पुढे ही प्रणालीच बंद पडली, तरी त्या फाइली उघडून डोळ्यांनी वाचता येतात.

ईमेल बाहेर, दिनदर्शिका आत

ईमेलचा सर्व्हरही आपल्याच कार्यालयात ठेवावा काय, असा प्रश्न उत्साही शिक्षकांकडून हमखास विचारला जातो. लहान संस्थेने हा मोह टाळावा हेच उचित. ईमेल पाठविणाऱ्या यंत्रास कायम न बदलणारा सार्वजनिक पत्ता लागतो. पत्र खरोखर त्याच संस्थेकडून आले हे सिद्ध करणाऱ्या तांत्रिक खुणा लागतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी या खुणांचा आग्रह अधिक कडक केला आहे. त्या नसतील तर संस्थेची पत्रे सभासदाच्या टाकाऊ टपालात जाऊन पडतात आणि ती पोहोचली नाहीत हे संस्थेला कळतसुद्धा नाही. तेव्हा ईमेल एखाद्या विश्वसनीय सेवादाराकडे ठेवावी आणि दिनदर्शिका तेवढी स्वतःकडे घ्यावी. बैठकीचे निमंत्रण ईमेलने आले, की त्यासोबत बहुधा आयकॅलेंडर संकेतातील एक छोटी फाइल असते. थंडरबर्डसारख्या विनामूल्य प्रणालीत ती उघडून नोंद सामाईक दिनदर्शिकेत घेता येते. ईमेल आणि दिनदर्शिका यांचा सांधा एवढाच असला तरी काम भागते.

शासकीय कार्यालयांनी येथे एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. शासनाने पुरविलेली ईमेल व संगणकीय व्यवस्था सोडून स्वतंत्र सर्व्हर बसविण्यापूर्वी वरिष्ठांची लेखी अनुमती घेणे आवश्यक आहे. ग्रामपंचायतींनाही हे लागू समजावे. खाजगी शिक्षणसंस्था, वाचनालये, पतसंस्था, दूध संस्था, महिला मंडळे यांना मात्र आपल्या कार्यकारिणीच्या ठरावाने ही व्यवस्था करता येईल.

जोडणीचे काम

प्रथम वीज. पावसाळ्यात खानापूरकडच्या गावांतून वीज किती वेळा जाते, हे तेथील रहिवाशांस सांगावयास नको. सर्व्हरला आणि इंटरनेटच्या राऊटरला मिळून एक यूपीएस द्यावा. रास्पबेरी पाय वापरावयाचा असेल तर नोंदी मेमरी कार्डावर न ठेवता एसएसडीवर ठेवाव्यात, कारण अचानक वीज जाण्याने कार्डे लवकर खराब होतात. या छोट्या संगणकाचे आणखी एक वैगुण्य आहे. त्याच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या यंत्रांत बॅटरीवर चालणारे घड्याळच नाही. पाचव्या पिढीत घड्याळ आहे, परंतु बॅटरी वेगळी जोडावी लागते. वीज गेली, परत आली आणि इंटरनेट मात्र बंदच राहिले, तर असे यंत्र चुकीच्या वेळेने जागे होते. जुन्या संगणकात ही अडचण सहसा येत नाही, आणि म्हणून अडगळीत ठेवलेला चालू स्थितीतील संगणक हाच पुष्कळ ठिकाणी अधिक चांगला.

दुसरे, कालविभाग. यंत्र बसविताना ‘आशिया/कोलकाता’ हा कालविभाग निवडावा. हे राहून गेले तर यंत्र जागतिक प्रमाणवेळ धरते, आणि ती भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे आहे. मग सकाळी ११ वाजताची पालक सभा कोणाच्या तरी फोनवर पहाटे ५.३० वाजता दिसू लागते. सुट्टी, जयंती किंवा अर्जाची शेवटची तारीख या गोष्टींना तास-मिनिटे देऊच नयेत. त्या ‘पूर्ण दिवस’ या प्रकाराने नोंदवाव्यात.

तिसरे, पत्ता. राऊटरच्या व्यवस्थेत जाऊन सर्व्हरसाठी एक अंतर्गत पत्ता राखून ठेवावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. तसे न केल्यास राऊटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलतो आणि सर्वांचे फोन एकदम नोंदी मिळत नसल्याची तक्रार करू लागतात. रॅडिकेल प्रणाली बसविल्यावर आरंभी केवळ त्याच संगणकावरून बोलते. अन्य यंत्रांना दार उघडण्यासाठी तिच्या व्यवस्थेच्या फाइलीत तसा बदल करावा लागतो. तिच्या दाराचा क्रमांक ५२३२ हा आहे. याच वेळी परवलीच्या शब्दाची व्यवस्था डोळ्यांत तेल घालून तपासावी. या प्रणालीच्या जुन्या आवृत्त्या, मुद्दाम सांगितल्याखेरीज, परवलीचा शब्द विचारीतच नसत. संपर्क सांकेतिक स्वरूपात व्हावा म्हणून सर्व्हरवर प्रमाणपत्रही बसवावे, नाहीतर परवलीचे शब्द वायफायवरून उघडेच प्रवास करतात.

आता फोन. आयफोनमध्ये कॅलडॅव्हची सोय मुळातच आहे. अँड्रॉइड फोनवर ती नसते, म्हणून डॅव्हएक्स-फाइव्ह हे अॅप बसवावे. संगणकावर थंडरबर्ड पुरेसे आहे. आउटलुक वापरणाऱ्यांना वेगळी जोडणी घ्यावी लागते.

गावी किंवा प्रवासात असतानाही सर्व्हरशी संपर्क हवा, अशी मागणी पुढे येईल. यासाठी राऊटरचे दार थेट इंटरनेटवर उघडून ठेवणे धोक्याचे आहे. शिवाय अनेक इंटरनेट सेवादार एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटून देतात, त्यामुळे ते दार बाहेरून सापडतही नाही. वायरगार्डसारखी खाजगी वाहिनी जाणकाराकडून बसवून घेता येईल. परंतु आरंभी तिचीही निकड नाही. फोन कार्यालयाच्या वायफायवर आला की नोंदी उतरवून घेतो आणि त्यांची प्रत स्वतःजवळ ठेवतो. सायंकाळी घरी जाताना शिक्षकाच्या खिशात दिवसअखेरपर्यंतची दिनदर्शिका असते. बहुतेक संस्थांची गरज एवढ्याने भागते.

एक नव्हे, चार दिनदर्शिका

सीमाभागातील संस्थेने सर्व तारखा एकाच दिनदर्शिकेत कोंबू नयेत. कर्नाटकातील सुट्ट्या, महाराष्ट्रातील सुट्ट्या, संस्थेचे कार्यक्रम आणि कायदेशीर मुदती अशा चार वेगळ्या दिनदर्शिका सर्व्हरवर कराव्यात व त्यांना वेगवेगळे रंग द्यावेत. फोनवर त्या एकमेकींवर ठेवून पाहता येतात, हव्या तेव्हा एखादी झाकताही येते. कागलला जावयाचे असेल तेव्हा महाराष्ट्राचा रंग पाहावा, चिकोडीला जावयाचे असेल तेव्हा कर्नाटकाचा. दोन्ही रंग नसलेला वार शोधला, की दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या सभेची तारीख मिळाली.

‘दर महिन्याचा दुसरा शनिवार’ असा पुनरावृत्तीचा नियम यंत्राला एकदा सांगितला की पुरतो. तिथीचे सण मात्र या नियमात बसत नाहीत, आणि येथेच नवशिका फसतो. गुढीपाडवा २०२४ साली ९ एप्रिलला, २०२५ साली ३० मार्चला आणि २०२६ साली १९ मार्चला आला. गणेश चतुर्थी याच तीन वर्षांत अनुक्रमे ७ सप्टेंबर, २७ ऑगस्ट आणि १४ सप्टेंबर अशी फिरली. अशा सणास ‘दरवर्षी’ ही खूण केली तर पुढल्या वर्षीची नोंद चुकीच्याच दिवशी उभी राहते, आणि यंत्राने सांगितले म्हणून तिच्यावर विश्वासही बसतो. चांद्रमासाप्रमाणे पुनरावृत्ती करण्याचा एक संकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेला असला, तरी नित्याच्या प्रणाली तो क्वचितच पाळतात. म्हणून तिथीचे सण दरवर्षी पंचांग व शासकीय सुट्ट्यांची अधिसूचना पाहून हातानेच भरावेत. त्यातल्या त्यात दिलासा इतकाच की, महाराष्ट्रात व कर्नाटकात दोन्हीकडे अमान्त मासगणना असल्याने पाडवा आणि युगादी एकाच दिवशी येतात.

बहुदिवसीय सुट्टी भरताना आणखी एक खाचखळगा आहे. आयकॅलेंडरच्या संकेतात पूर्ण दिवसाच्या नोंदीची ‘अखेर’ ही सुट्टी संपल्यानंतरच्या दिवसाची लिहिलेली असते. फोनवरून नोंद भरणाऱ्यास हे जाणवत नाही, कारण फोन तो हिशेब स्वतः करतो. परंतु शाळेच्या सुट्ट्यांची तयार यादी एखाद्याने फाइल करून चढविली, तर दसऱ्याची सुट्टी एका दिवसाने लवकर संपल्यासारखी दिसू शकते. यादी चढविल्यावर पहिली व शेवटची तारीख नजरेखालून घालावी.

लिपीचा प्रश्न आता राहिलेला नाही. कर्नाटकातील कार्यालयांकडून येणारे पत्र कन्नडमध्ये असते. त्याचा विषय कन्नड लिपीत जसाच्या तसा व त्याखाली मराठी सारांश, अशी नोंद एकाच ठिकाणी ठेवता येते. पत्राचा जावक क्रमांक मात्र न विसरता लिहावा. चौकशीला गेल्यावर समोरचा कर्मचारी तोच विचारतो.

मुदतींची दिनदर्शिका

चार दिनदर्शिकांपैकी सर्वांत मोलाची ही चौथी. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्जास ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. वाजवी कारणाशिवाय विलंब झाल्यास माहिती अधिकाऱ्यास दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कर्नाटकाच्या २०११ च्या सेवा हमी कायद्याने, म्हणजे ‘सकाल’ योजनेने, ठरलेल्या मुदतीत सेवा न मिळाल्यास नागरिकास दिवसाला २० रुपये, कमाल ५०० रुपये भरपाई मागण्याचा हक्क दिला आहे. महाराष्ट्रातही लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ पासून आहे. अनुदानित शाळेतील माहिती अधिकाऱ्याच्या दृष्टीने ३ मार्चला आलेल्या अर्जाची मुदत २ एप्रिलला संपते, आणि मध्ये परीक्षांचा हंगाम येतो. तारीख डोळ्यांसमोर नसेल तर ती निसटणारच.

नागरिकाच्या बाजूनेही हीच गोष्ट खरी आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी किंवा रहिवासी दाखल्यासाठी अर्ज केल्यावर जी पोचपावती मिळते, तिच्यावरील तारीख व क्रमांक हे त्याच्या हक्काचे साधन असते. एखादे वाचनालय किंवा महिला मंडळ आपल्या सभासदांच्या अशा पोचपावत्यांच्या मुदती दिनदर्शिकेत ठेवू लागले, तर बिड्या वळणाऱ्या बाईला चौकशीसाठी तीनदा खेपा घालाव्या लागणार नाहीत. मुदत संपलेल्या दिवशी एकदाच जाऊन ती आपला दाखला किंवा भरपाई मागू शकेल. मात्र अशा नोंदीत आधार क्रमांक, आजार, कर्जाची रक्कम असा मजकूर लिहू नये. क्रमांकाचा शेवटचा भाग आणि ‘दाखला’ एवढा शब्द ओळखीस पुरतो.

महाराष्ट्रातील कार्यालयांत रूढ असलेल्या सहा गठ्ठे पद्धतीत ‘प्रतीक्षाधीन’ व ‘नियतकालिके’ असे दोन गठ्ठे असतात. मुदतींची दिनदर्शिका ही या दोन गठ्ठ्यांचीच सूची होय, असे जुन्या कर्मचाऱ्यांस सांगितले तर त्यांना वेगळे शिकवावे लागत नाही. पत्र आवक नोंदवहीत चढविताना त्याच बैठकीत मुदतीची नोंद दिनदर्शिकेत करावी. ‘नंतर करू’ म्हटलेली नोंद होत नाही, हा सर्व कार्यालयांचा सारखा अनुभव आहे. प्रत्येक मुदतीस दोन स्मरणसूचना लावाव्यात, एक सात दिवस आधी व एक आदल्या दिवशी. तथापि काही फोन सर्व्हरवरून आलेल्या स्मरणसूचना मुकाट्याने गाळतात. कोणत्या फोनवर घंटा वाजते व कोणत्या फोनवर नाही, हे पहिल्या आठवड्यातच खोटी नोंद करून पाहावे.

कोणी लिहावे, कोणी वाचावे

लिहिण्याचा अधिकार दोन-तीन व्यक्तींपुरता ठेवावा, इतरांना केवळ वाचण्याचा द्यावा. रॅडिकेलमध्ये हे अधिकार एका वेगळ्या फाइलीत नाव-निशीवार लिहिता येतात. प्रत्येकास स्वतंत्र नाव व परवलीचा शब्द असावा. सर्वांसाठी एकच शब्द ठेवला तर एकाचा फोन बाजारात हरवला म्हणून दहा जणांचे फोन पुन्हा जुळवावे लागतात. बदली किंवा निवृत्ती झाली, की निरोप समारंभाच्या दिवशीच ते नाव काढावे. यात अविश्वास नाही; किल्ली परत घेण्याइतकीच ही नित्याची बाब आहे.

दोघांनी एकच नोंद एकाच वेळी बदलली तर काय, अशी शंका येते. प्रत्येक नोंदीवर सर्व्हर एक अदृश्य शिक्का ठेवतो आणि बदलानंतर तो शिक्का बदलतो. जुना शिक्का घेऊन आलेला दुसरा बदल तो नाकारतो, त्यामुळे आधीच्याचे काम नकळत पुसले जात नाही.

नोंदींची प्रत दर शनिवारी पेनड्राइव्हवर घ्यावी. पेनड्राइव्ह दोन असावेत, ते आळीपाळीने वापरावेत, आणि एक नेहमी इमारतीबाहेर, कार्यवाहाच्या किंवा मुख्याध्यापकांच्या घरी राहावा. २०१९ व २०२१ च्या पुरांनंतर नदीकाठच्या संस्थांना याचे कारण सांगण्याची आवश्यकता नाही. सहा महिन्यांतून एकदा त्या प्रतीवरून नोंदी दुसऱ्या संगणकावर उतरवून पाहाव्यात. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे.

ज्यांच्याजवळ फोन नाही किंवा जे वापरीत नाहीत, त्यांच्यासाठी महिन्याच्या अखेरीस पुढील महिन्याचे पान छापून सूचना फलकावर लावावे. त्यावर दोन्ही राज्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या खुणांनी दाखवाव्यात. मुदतींची दिनदर्शिका मात्र फलकावर लावू नये. पुढील वर्षाच्या सुट्ट्यांच्या अधिसूचना दोन्ही शासनांकडून सामान्यतः वर्षअखेरीस निघतात. त्या हाती येताच एका व्यक्तीने वाचाव्यात, दुसरीने भराव्यात आणि तिसरीने पडताळून पाहाव्यात. दोन-तीन तासांत हे काम आटोपते. मागील वर्षाच्या नोंदी पुसू नयेत.